राजीनाम्याआधी तारीख विचारा

प्रश्न (सारांश) : कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रात १७ वर्षं बॉयलर देखभालीचं काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या इंजिनिअरचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांची मुलगी १५ वर्षांची आहे. हवामान बदलावरच्या शाळेच्या प्रकल्पात तिने वडिलांचा व्यवसाय 'इंजिनिअर' एवढाच लिहिला, ते कुठे काम करतात ते लिहिलं नाही. मग एका रात्री विचारलं, "बाबा, तुझ्या प्लांटमुळेच ना हे सगळं?" त्यांना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आपल्या ५०० मेगावॉटच्या संचाची चिमणी दिसली की नजर खाली जाते, असं ते लिहितात. एका सौरऊर्जा कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली आहे : दोन वर्षांचा करार, पगार आताच्या दोन तृतीयांश. घराच्या कर्जाची सात वर्षं बाकी आहेत. पत्नी म्हणते, भावनेच्या भरात काही करू नकोस. सहकारी म्हणतात, आपलं केंद्र अजून वीस वर्षं हलत नाही. त्यांचा शेवटचा प्रश्न : "मी या पापाचा वाटेकरी आहे. राजीनामा देणं हाच प्रामाणिक मार्ग आहे ना?"

उत्तर :

माझं मत आधीच सांगून टाकते. आज राजीनामा देऊ नका. आणि 'अजून वीस वर्षं' या सहकाऱ्यांच्या बोलण्यावरही विसंबून राहू नका.

तुमची बोचणी उगाचची आहे, असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. तुमचा संच वर्षभर सरासरी ८० टक्के भारावर चालला, तर सुमारे ३५० कोटी युनिट वीज तयार होते. कोळशाच्या विजेमागे युनिटला साधारण ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तरी वर्षाचा आकडा ३० लाख टनांच्या वर जातो. जगात माणशी सरासरी उत्सर्जन वर्षाला पाच टनांच्या आसपास आहे. म्हणजे तुमचा एक संच सहा लाख माणसांइतकं उत्सर्जन करतो. हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होतं. आज ते ४२० च्या वर आहे. मुलीचं विज्ञान पक्कं आहे. ते खोडायला जाऊ नका.

पण या ३० लाख टनांपुढे तुम्ही स्वतःचं नाव लिहून टाकलंत, ते मला पटलेलं नाही. तो संच कधी बांधायचा हे तुम्ही ठरवलं नव्हतं. आज तो किती चालणार हेही तुम्ही ठरवत नाही. ते मागणी, वीज खरेदीचे करार आणि कुठल्या केंद्राने कधी किती वीज द्यायची हे सांगणारं भार प्रेषण केंद्र ठरवतं. उद्या तुम्ही गेलात तर परवा तुमच्या जागी दुसरा माणूस उभा राहील आणि चिमणीतून जाणाऱ्या वायूत एका ग्रॅमचाही फरक पडणार नाही.

कोळसा खरोखर कसा बंद होतो, ते ब्रिटनमध्ये बघता येतं. कोळशाच्या विजेचं पहिलं सार्वजनिक केंद्र लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालं. २०१२ मध्येही ब्रिटनची साधारण ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं केंद्र थांबलं. मधल्या बारा वर्षांत काय झालं? २०१३ पासून वीजनिर्मितीतल्या कार्बनवर किमान किंमत लागू झाली, प्रदूषणाचे नियम कडक झाले, समुद्रातली पवनऊर्जा वाढली, काही भार नैसर्गिक वायूने उचलला, आणि कोळसा कधी संपणार हे सरकारने २०१५ मध्येच जाहीर केलं. या यादीत कर्मचाऱ्यांचे राजीनामे कुठेच नाहीत. उलट जाणकार माणसं शेवटच्या दिवसापर्यंत थांबली, म्हणून ते केंद्र शेवटच्या दिवसापर्यंत सुरक्षित चाललं. त्यानंतरही काही जण तिथे राहिले, कारण बंद केंद्र नीट मोडणं हेही जाणकारांचंच काम आहे.

आता दुसरी बाजू. 'मी नसतो तर दुसरा असता' हे गणित म्हणून खरं असलं, तरी त्यावर आयुष्य काढू नये. एकदा ते गळी उतरलं की माणूस स्वतःला काही विचारेनासाच होतो. म्हणून तुम्ही स्वतःला वेगळा प्रश्न विचारा, असं मी सुचवेन : माझ्या हातात बदलण्यासारखं काय आहे, आणि ते मी बदलतो आहे का?

बॉयलरच्या माणसाच्या हातात बरंच काही आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून लिहिते. दुपारी सौरवीज भरपूर येते, तेव्हा कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. सूर्य कलतो आणि संध्याकाळची मागणी चढते, तेव्हा तोच भार थोड्या वेळात पुन्हा उचलावा लागतो. जुने संच अशा रोजच्या चढउतारासाठी बांधलेले नव्हते. भार फार खाली गेला की भट्टीतली ज्योत डळमळते आणि तेल जाळून ती टिकवावी लागते. हेडरवर, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या जाड नळांवर, आणि टर्बाइनच्या रोटरवर तापण्या-निवण्याचा ताण बसतो. बॉयलरच्या नळ्यांची गळती (ट्यूब लिकेज) वाढते. मग संच चालवणारे साहजिकच म्हणतात, यापेक्षा खाली नको. अशा वेळी जास्तीची सौरवीज तोडावी लागते, आणि ऊन भरात असताना कोळसा जळत राहतो.

म्हणजे जो माणूस आपला संच ६० टक्क्यांऐवजी ४० टक्के भारावर सुरक्षितपणे चालवून दाखवतो, तो सौरविजेला ग्रिडवर जागा करून देतो. हे काम बाहेरच्या कुणाला जमणार नाही. ते ट्यूबची जाडी मोजणाऱ्याला, बर्नर लावणाऱ्याला, कुठल्या वेल्डवर भरवसा ठेवायचा हे १७ वर्षांत शिकलेल्याला जमतं. शिवाय संचाचा कोळशाचा वापर एक टक्क्याने जरी घटला, तरी वरच्याच हिशेबाने वर्षाला ३० हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. तुमच्या कुटुंबाने आयुष्यभर काटकसर केली तरी एवढं वाचणार नाही.

इथे एक सावधगिरी हवी. यामुळे कोळसा स्वच्छ होत नाही. आणि हीच सुधारणा केंद्राचं आयुष्य वाढवण्यासाठीही वापरली जाते. म्हणून अशा कामात पुढे व्हा, पण हा खर्च संच कमी तास चालवता यावा म्हणून होतोय की आणखी पंधरा वर्षं ताणता यावा म्हणून, हे बैठकीत विचारा. उत्तर दुसरं असेल तर तुमची नैतिक अडचण खरी आहे. ती कार्यक्षमतेच्या आकड्यांनी सुटणार नाही, आणि मग बाहेर पडण्याचा विचार लवकर करायला हवा.

मुलीबद्दल. तुमच्या पत्रात तिची दोनच वाक्यं आहेत, एक बोललेलं आणि एक न लिहिलेलं. त्या दोन्हींचा अर्थ तुम्ही 'तिला माझी लाज वाटते' असा लावलात. कदाचित तसं असेलही. पण कदाचित वर्गात कुणी तुम्हाला बोल लावू नये म्हणून तिने केंद्राचं नाव गाळलं असेल. ती पंधरा वर्षांची आहे. आपल्या माणसावरचं प्रेम आणि आपल्याला पटलेलं सत्य यांचा मेळ कसा घालायचा, हे ती पहिल्यांदाच शिकते आहे. तिला विचारलंत का? विचारा. आणि तिच्यासाठी म्हणून नोकरी सोडू नका. उद्या घरात पैशांची ओढाताण झाली तर त्याचं ओझं ती स्वतःवर घेईल. तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत तरी घेईल.

तिला खरं उत्तर द्या, आकड्यांसकट. "हो, माझ्या संचातून वर्षाला एवढा वायू जातो" हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकणं तिच्यासाठी फार मोलाचं ठरेल, कारण मोठी माणसं या विषयावर मुलांशी सहसा इतकं सरळ बोलत नाहीत. मग दिवसभराच्या मागणीचा आलेख तिच्यासमोर ठेवा. भार प्रेषण केंद्रं ही माहिती रोज प्रसिद्ध करतात. दुपारी सौरऊर्जेचा उंचवटा कसा येतो, संध्याकाळी तो कसा ओसरतो, आणि त्या वेळी सगळे दिवे-पंखे कुणाच्या जिवावर चालतात, ते तिलाच शोधू द्या. ती म्हणेल, मग बॅटऱ्या लावा. बरोबरच आहे ते. बॅटरी आणि सौरविजेचा खर्च २०१० पासून साधारण ९० टक्क्यांनी खाली आला आहे. म्हणजे संध्याकाळची जी जागा आज तुमचा संच भरतो, ती हळूहळू बॅटऱ्या घेणार आहेत. तिच्याशी वाद घाला आणि काही वाद हरा. बाबाचं म्हणणं पटलं नाही, असं तिने शेवटी म्हटलं तरी चालेल.

आता 'वीस वर्षं' या मुद्द्याकडे येते. माझी खरी काळजी तुमच्या अपराधभावापेक्षा याची आहे.

ऑस्ट्रेलियातल्या लट्रोब खोऱ्यात हेझलवूड नावाचं कोळशाचं वीज केंद्र होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मालकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्च २०१७ अखेर ते बंद झालं. जेमतेम पाच महिने मिळाले. त्या पाच महिन्यांत शेकडो कुटुंबांना कर्ज, मुलांच्या शाळा, गाव सोडायचं की नाही, हे सगळं ठरवावं लागलं. नंतर शेजारच्या केंद्रांतल्या वयस्क कर्मचाऱ्यांनी लवकर निवृत्त होऊन हेझलवूडच्या लोकांना जागा द्यायची अशी योजना निघाली, सरकारने खोऱ्यासाठी वेगळी यंत्रणा उभारली. पण घोषणेच्या दिवशी कुणाच्याच हातात काही नव्हतं. पुढे त्या देशात मोठ्या केंद्रांनी बंद होण्याआधी किमान तीन वर्षं सूचना द्यावी असा नियम झाला. त्याच देशातल्या लिडेल केंद्राच्या मालकांनी २०१५ मध्येच बंद करण्याचं जाहीर केलं होतं आणि ते एप्रिल २०२३ मध्ये थांबलं. तिथे लोकांना शिकायला, बदली घ्यायला, निवृत्त व्हायला वर्षं मिळाली, आणि त्या जागेवर मोठ्या बॅटरीचं काम सुरू झालं.

जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणींचं अनुदान २०१८ मध्ये संपणार हे २००७ मध्येच कायद्याने ठरवलं. बोट्रोप शहरातली शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. स्पेनमध्ये २०१८ साली सरकार आणि कामगार संघटना यांच्यात २५ कोटी युरोंचा करार झाला. त्यात ४८ वर्षांवरच्या खाण कामगारांना लवकर निवृत्ती आणि इतरांना नवं प्रशिक्षण होतं. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा, म्हणजे या बदलात कामगार वाऱ्यावर पडू नयेत याचा, उल्लेख आहे, पण प्रस्तावनेने कुणाच्या कर्जाचा हप्ता भरला जात नाही. ज्या गावांचं बरं झालं तिथे बंद होण्याची तारीख लवकर कळली होती आणि ती कागदावर होती.

तुमच्या केंद्राची तारीख कुणी सांगितलेली नाही. ती नाही, असा याचा अर्थ होत नाही. त्याची चिन्हं तुम्हाला आतून दिसू शकतात. वीज खरेदीचा मुख्य करार कोणत्या वर्षी संपतो? त्यानंतरच्या वर्षांसाठी टर्बाइनचं मोठं ओव्हरहॉल नियोजनात आहे का? प्रदूषण नियंत्रणाची जी यंत्रणा बसवणं बंधनकारक असेल, तिच्यावर मालक खर्च करतायत की मुदतवाढ मागत बसले आहेत? राखेच्या तलावाची क्षमता किती वर्षांची उरली आहे? नवी मुलं भरती होतायत का, की निवृत्त माणसांच्या जागा कंत्राटावर भरल्या जातायत? संच वर्षाकाठी किती तास आणि किती भारावर चालतो, आणि पाच वर्षांपूर्वी किती चालत होता? या उत्तरांवरून तुम्हाला एक अंदाज बांधता येईल. कॅन्टीनमधल्या गप्पांपेक्षा तो अंदाज खात्रीचा असेल.

हे प्रश्न एकट्याने विचारू नका. संघटनेमार्फत विचारा, लेखी विचारा. बंद करण्याआधी किमान किती वर्षांची सूचना, पुनर्प्रशिक्षणाचा खर्च कुणाचा, जागेचं पुढे काय, आणि कंत्राटी कामगारांचं काय, हे चार मुद्दे मागणीपत्रात घाला. शेवटचा मुद्दा आवर्जून घाला. कायम इंजिनिअरला निदान भरपाई मिळते. कोळसा हाताळणारा, राख वाहणारा कंत्राटी माणूस कुठल्याच यादीत नसतो. तुम्हाला प्रायश्चित्त घ्यायचंच असेल, तर राजीनाम्यापेक्षा या माणसांची नावं यादीत यावीत म्हणून भांडा. रिफायनरी, सिमेंट, पोलाद, इंजिनांचे सुटे भाग अशा उद्योगांतल्या वाचकांनीही आपापल्या ठिकाणचे असे प्रश्न शोधून ठेवावेत.

राहिला नव्या नोकरीचा प्रस्ताव. तुम्ही गृहीत धरलंय की तिकडे गेलात की हात स्वच्छ होतील. हवामानाच्या हिशेबात फरक मोठा आहे, यात शंका नाही. पॅनेल बनवण्यापासूनचं सगळं धरलं तरी सौरविजेचं उत्सर्जन युनिटला ५० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे कोळशाच्या अठराव्या हिश्श्याएवढं. पण तिथेही प्रश्न आहेत : जमीन कुणाची गेली, पॅनेल कुठल्या परिस्थितीत बनले, पुढे त्यांच्या कचऱ्याचं काय. आणि नोकरी म्हणून बघाल तर सौर प्रकल्पात माणसं लागतात ती मुख्यतः उभारणीच्या काळात. उभारणी झाली की शेकडो मेगावॉटचा प्रकल्प मोजकी माणसं चालवतात. दोन वर्षांचा करार असण्यामागे हे कारण असू शकतं.

शिवाय तुमचं कसब काय आहे, याचाही विचार करा. वाफ, दाब, धातूचा थकवा, फिरती यंत्रं, सुरक्षा परवाने आणि शटडाउनमधल्या बारा-बारा तासांच्या पाळ्या हे तुमचं शिक्षण आहे. पॅनेलच्या रांगांमध्ये त्यातलं फार थोडं लागेल. भूगर्भातल्या उष्णतेवर किंवा सौर-औष्णिक (उन्हाच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या) तंत्रावर चालणारे प्रकल्प, अणुवीज केंद्राची वाफेची बाजू, कारखान्यांना लागणारी उष्णता इंधनाऐवजी विजेवर तयार करणं, उष्णता साठवणारी यंत्रणा, इथे तुमचा अनुभव थेट उपयोगी पडतो. ग्रिडच्या बाजूलाही काम आहे. कोळशाची मोठी जनित्रं बंद झाली की त्यांच्या फिरत्या वजनाचं जडत्व जातं आणि ग्रिडवरच्या विजेची वारंवारता (फ्रीक्वेन्सी) सावरणं अवघड होतं. म्हणून काही ठिकाणी जुनी जनित्रं इंधनाशिवाय फिरती ठेवतात. जर्मनीत बिब्लिसच्या बंद अणुवीज केंद्रातलं एक जनित्र २०१२ मध्ये असंच सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून वापरात आणलं गेलं. बंद केंद्राचं स्विचयार्ड (वीज ग्रिडवर सोडण्याची उपकरणं असलेलं आवार) आणि ग्रिड जोडणीही तयार असते, म्हणून बॅटरी प्रकल्पांची नजर त्या जागांवर असते. स्वच्छ ऊर्जेतलं तुमचं पहिलं काम कदाचित तुमच्याच केंद्राच्या आवारात निघेल.

पत्नीच्या बोलण्यात तुम्हाला विरोध ऐकू आला. मला त्यात हिशेब ऐकू येतो, आणि तो बरोबर आहे. तिच्यासोबत बसून एक प्रयोग करा. पुढचे सहा महिने नव्या नोकरीतल्या पगारावर घर चालवा. उरलेला एक तृतीयांश पगार वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. जमलं तर कमी पगार झेपतो हे दोघांनाही अनुभवाने कळेल, आणि हाताशी दोन महिन्यांच्या आताच्या पगाराएवढी गंगाजळी उभी राहील. नाही जमलं, तर ते राजीनाम्याआधी कळलेलं बरं. त्याच सहा महिन्यांत एक प्रशिक्षण पुरं करा. माझी निवड विचाराल तर बॅटरी साठवणूक आणि तिची अग्निसुरक्षा, कारण उष्णतेची भाषा तुम्हाला आधीच येते.

आणि त्या कंपनीला आज नकार कळवू नका. विचार करायला महिनाभर मागा, आणि लेखी विचारा : दोन वर्षांनंतर काय, काम उभारणीचं की प्रकल्प चालवण्याचं, उपकेंद्र किंवा बॅटरीच्या कामात जागा आहे का, अपघात विमा आणि प्रशिक्षण कुणाच्या खर्चाने. कायम जागा मिळत असेल आणि काम उपकेंद्राचं किंवा बॅटरीचं असेल, तर कमी पगारातही जाण्याचा गंभीरपणे विचार करा; फक्त कर्जाच्या हप्त्याचं बँकेशी आधी बोला. करार दोन वर्षांचाच आणि काम पॅनेल उभारणीचं असेल, तर आभार मानून थांबा आणि दर सहा महिन्यांनी बाजार पुन्हा चाचपा. केंद्राचा वीज खरेदी करार ज्या वर्षी संपतो, त्याच्या तीन वर्षं आधीचं वर्ष तुमच्या बाहेर पडण्याची शेवटची मुदत म्हणून डायरीत लिहून ठेवा.